अमेरिकेतील निःशुल्क ऑनलाइन सार्वजनिक शाळा : प्रवेशाची पद्धत, अटी आणि पालकांची जबाबदारी

नवी दिल्ली : नोकरीनिमित्त अमेरिकेत गेलेल्या कुटुंबांसमोर घराच्या शोधाइतकाच तातडीचा प्रश्न मुलांच्या शाळेचा असतो. अलीकडच्या काळात या प्रश्नाला एक नवे उत्तर पुढे येते, ते म्हणजे घरी बसून शिकता येणारी, शिक्षण शुल्क न आकारणारी ऑनलाइन सार्वजनिक शाळा. अशा शाळांच्या जाहिराती समाजमाध्यमांतून भारतातही पोहोचतात आणि ‘अमेरिकी शाळेत मोफत प्रवेश’ या शब्दांमुळे अनेक गैरसमज निर्माण होतात. ही शाळा कोणासाठी असते, प्रवेश कसा मिळतो आणि ‘मोफत’ या शब्दात काय येते व काय येत नाही, याची ही माहिती.

‘सार्वजनिक’ म्हणजे काय?

भारतात ‘पब्लिक स्कूल’ असे नाव असलेली शाळा बहुधा खासगी आणि खर्चिक असते. अमेरिकेत याच शब्दांचा अर्थ नेमका उलट आहे. तेथे सार्वजनिक शाळा करदात्यांच्या पैशावर चालते आणि त्या भागातील प्रत्येक मुलासाठी खुली असते. शिक्षण हा मुख्यतः राज्यांचा विषय असल्याने शाळेचा निधी, अभ्यासक्रमाचे निकष आणि प्रवेशाचे नियम राज्यागणिक बदलतात. विद्यार्थिसंख्येनुसार राज्याकडून शाळेला निधी मिळतो. ऑनलाइन सार्वजनिक शाळाही याच पैशावर चालते. म्हणून ती शुल्क घेत नाही. मात्र त्याच कारणामुळे ती राज्याबाहेरच्या मुलाला निःशुल्क प्रवेशही देऊ शकत नाही.

या शाळांचे स्थूलमानाने तीन प्रकार आहेत. पहिला प्रकार राज्याने स्थापन केलेल्या शाळांचा. १९९७ मध्ये सुरू झालेली ‘फ्लोरिडा व्हर्च्युअल स्कूल’ हे त्याचे ठळक उदाहरण. तेथे पूर्णवेळ प्रवेश घेता येतो, तसेच नेहमीच्या शाळेत जाणाऱ्या विद्यार्थ्याला एखादाच विषय ऑनलाइन शिकता येतो. दुसरा प्रकार स्थानिक शाळा मंडळांनी, म्हणजे तेथील ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’नी, आपल्या विद्यार्थ्यांसाठी चालवलेल्या शाळांचा. कोविड महासाथीनंतर अशा शाळांची संख्या वाढली. तिसरा प्रकार ऑनलाइन चार्टर शाळांचा. मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये देशातील पहिला चार्टर शाळा कायदा केला. या कायद्यांनुसार सरकारी निधी घेऊन स्वतंत्र संचालक मंडळ शाळा चालवू शकते. अनेक ऑनलाइन चार्टर शाळांची मंडळे अभ्यासक्रम व व्यवस्थापनाचे काम खासगी कंपन्यांकडे सोपवतात. पूर्वी ‘के-ट्वेल्व्ह’ या नावाने ओळखली जाणारी ‘स्ट्राइड’ आणि ‘पिअर्सन’ समूहाची ‘कनेक्शन्स अकॅडमी’ ही या क्षेत्रातील दोन मोठी नावे आहेत. जाहिरातीत बहुधा कंपनीचे नाव ठळक असते. प्रवेश मात्र त्या राज्यातील विशिष्ट शाळेत होतो. चौकशी करताना हा फरक लक्षात ठेवणे आवश्यक ठरते.

घरशिक्षण आणि ऑनलाइन सार्वजनिक शाळा यांत गल्लत होऊ नये. घरशिक्षणात अभ्यासक्रमाची निवड आणि शिकवण्याची जबाबदारी पालकांची असते. ऑनलाइन सार्वजनिक शाळेत विद्यार्थी कायद्याने सार्वजनिक शाळेचाच असतो. त्याला राज्याचे परवानाधारक शिक्षक शिकवतात, हजेरी बंधनकारक असते आणि राज्याच्या परीक्षाही द्याव्या लागतात. २०१५ च्या ‘एव्हरी स्टुडंट सक्सीड्स’ कायद्यानुसार वाचन आणि गणिताची चाचणी तिसरी ते आठवीपर्यंत दरवर्षी आणि माध्यमिक स्तरावर एकदा घेतली जाते. त्यासाठी विद्यार्थ्याला बहुतेक वेळा नेमून दिलेल्या केंद्रावर प्रत्यक्ष जावे लागते.

कोण पात्र, कोण अपात्र?

पहिली अट रहिवासाची. विद्यार्थी आणि त्याचे पालक किंवा कायदेशीर पालनकर्ते त्या राज्यात राहत असले पाहिजेत. काही ठिकाणी ही अट अधिक काटेकोर असते. उदाहरणार्थ, कॅलिफोर्नियात वर्गाबाहेर शिक्षण देणाऱ्या चार्टर शाळा आपल्या काउंटीतील आणि तिला लागून असलेल्या काउंटींतील मुलांनाच प्रवेश देऊ शकतात. पूर्णवेळ ऑनलाइन सार्वजनिक शाळेची सोय सर्व राज्यांत सारखी नाही. म्हणून पहिली चौकशी संबंधित राज्याच्या शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावरील मान्यताप्राप्त शाळांच्या यादीत करावी.

दुसरी अट वयाची. किंडरगार्टनसाठी बहुतेक राज्यांत ठरावीक तारखेपर्यंत पाच वर्षे पूर्ण असणे अपेक्षित असते. कॅलिफोर्नियासह अनेक राज्यांत ही तारीख १ सप्टेंबर आहे. भारतात पहिलीत असलेले मूल तेथे किंडरगार्टनमध्ये बसवले गेल्यास पालकांना आश्चर्य वाटते. त्याचे कारण बहुधा याच तारखेत असते.

तिसरा मुद्दा व्हिसाचा आहे आणि भारतीय कुटुंबांसाठी तो सर्वांत महत्त्वाचा. एच-१बी कर्मचाऱ्यांची एच-४ व्हिसावरील मुले आणि एल-१ कर्मचाऱ्यांची एल-२ व्हिसावरील मुले राहत्या भागातील सार्वजनिक शाळेत शिकू शकतात. १९८२ च्या ‘प्लायलर विरुद्ध डो’ या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्थलांतरविषयक दर्जाच्या कारणावरून मुलांना सार्वजनिक शालेय शिक्षण नाकारता येणार नाही, असे स्पष्ट केले. मात्र याचा अर्थ कोणत्याही व्हिसावर शिक्षणासाठी जाता येते, असा नाही. पर्यटक व्हिसा अभ्यासक्रमाला प्रवेश घेण्यासाठी नसतो. एफ-१ विद्यार्थी व्हिसावर आठवीपर्यंतच्या सार्वजनिक शाळेत शिकण्यास १९९६ च्या कायद्याने मनाई आहे. माध्यमिक सार्वजनिक शाळेत या व्हिसावर जास्तीत जास्त १२ महिने शिकता येते आणि त्यासाठी शिक्षणाचा पूर्ण खर्च भरावा लागतो.

भारतात राहणाऱ्या मुलाला अमेरिकेतील सार्वजनिक शाळेत घरबसल्या मोफत प्रवेश मिळत नाही, हे यावरून स्पष्ट होते. काही संस्था राज्याबाहेरच्या आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र विभाग चालवतात, पण तेथे शुल्क आकारले जाते. भारतातील पत्त्यावर ‘मोफत सरकारी अमेरिकी शाळा’ देण्याचे आश्वासन देऊन नोंदणीची रक्कम मागणाऱ्या मध्यस्थांपासून सावध राहावे.

प्रवेशाचे टप्पे

नवीन शैक्षणिक वर्ष बहुतेक राज्यांत ऑगस्ट किंवा सप्टेंबरमध्ये सुरू होते आणि अर्ज वसंत ऋतूपासूनच स्वीकारले जातात. काही शाळा वर्षाच्या मध्येही प्रवेश देतात. काहींची विद्यार्थिसंख्या मर्यादित असते. जागांपेक्षा अर्ज अधिक आल्यास चार्टर शाळा सोडत काढतात आणि उरलेल्यांची प्रतीक्षायादी करतात. त्यामुळे अर्ज भरला म्हणजे प्रवेश झाला, असे समजू नये.

अर्ज ऑनलाइन भरला जातो. त्यानंतर कागदपत्रे सादर करावी लागतात. त्यांत सर्वसाधारणपणे मुलाच्या वयाचा पुरावा (जन्मदाखला किंवा पारपत्र), पालकाचे ओळखपत्र, रहिवासाचा पुरावा (घराचा भाडेकरार, वीज किंवा पाण्याचे देयक), लसीकरणाची नोंद आणि मागील शाळेची गुणपत्रिका यांचा समावेश असतो. आईवडील विभक्त असल्यास मुलाच्या ताब्यासंबंधीचा न्यायालयीन आदेश मागितला जातो.

भारतातून जाणाऱ्या कुटुंबांनी काही गोष्टी निघण्यापूर्वीच करून ठेवलेल्या बऱ्या. जन्मदाखला मराठीत असल्यास त्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर सोबत ठेवावे. लसीकरणाचे कार्ड तारखांसह वाचता येईल असे असावे, कारण राज्याच्या यादीतील एखादी लस किंवा मात्रा राहिली असल्यास ती तेथे घ्यावी लागते. नववी किंवा त्यापुढील विद्यार्थ्याच्या आधीच्या वर्षांच्या गुणपत्रिका आणि विषयांचा तपशील घ्यावा. अमेरिकेत माध्यमिक पदविका विषयवार श्रेयांकांवर अवलंबून असते, आणि भारतातील कोणत्या विषयाचे किती श्रेयांक धरायचे, हे शाळा त्या कागदांवरूनच ठरवते.

नुकत्याच पोहोचलेल्या कुटुंबाकडे घराचा करार नसतो. ते काही आठवडे नातेवाइकांकडे किंवा हॉटेलमध्ये राहते. अशा वेळी शाळेला परिस्थिती स्पष्ट सांगावी. घर देणाऱ्या नातेवाइकाचे शपथपत्र अनेक ठिकाणी ग्राह्य धरले जाते. ज्या मुलांना स्थिर निवारा नाही, त्यांना कागदपत्रे अपुरी असली तरी तातडीने प्रवेश देण्याचे बंधन १९८७ च्या ‘मॅकिनी-व्हेंटो’ कायद्याने शाळांवर घातले आहे.

प्रवेशाच्या वेळी घरातील भाषेविषयी एक प्रश्नावली भरून घेतली जाते. तेथे ‘मराठी’ लिहिल्यास मुलाची इंग्रजीची चाचणी होऊ शकते. ही चाचणी टाळण्यासाठी काही पालक घरची भाषा इंग्रजी असल्याचे लिहितात. तसे करू नये. चाचणीचा उद्देश प्रवेश नाकारणे हा नसून मुलाला भाषेची मदत हवी का, हे ठरवणे हा आहे. इंग्रजी माध्यमात शिकलेली बरीच मुले ही चाचणी सहज उत्तीर्ण होतात, आणि ज्याला मदतीची खरोखर गरज आहे, ते मूल चुकीच्या उत्तरामुळे त्या मदतीला मुकते.

अपंगत्व किंवा अध्ययनातील विशेष अडचणी असलेल्या मुलांचे हक्क ऑनलाइन शाळेतही कायम राहतात. मुलासाठी आधीच्या शाळेने वैयक्तिक शिक्षण आराखडा तयार केला असेल, तर तो अर्जासोबत द्यावा आणि वाचा-उपचार, व्यवसायोपचार यांसारख्या सेवा ऑनलाइन मिळणार की प्रत्यक्ष, हे लेखी विचारून घ्यावे.

या प्रक्रियेतील सर्वांत नाजूक टप्पा जुन्या शाळेतून नाव काढण्याचा आहे. नव्या शाळेकडून प्रवेश निश्चित झाल्याचे लेखी पत्र आणि सुरुवातीची तारीख मिळेपर्यंत मुलाने जुन्या शाळेत जात राहावे. नाव आधी काढले आणि नवा प्रवेश लांबला, तर मधल्या दिवसांची अनुपस्थिती नोंदवली जाते आणि सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्याखाली पालकांना नोटीसही येऊ शकते. भारतातल्यासारखा शाळा सोडल्याचा दाखला तेथे पालकांच्या हाती दिला जाईलच असे नाही. मुलाच्या नोंदी बहुधा एका शाळेकडून दुसऱ्या शाळेकडे थेट पाठवल्या जातात.

‘मोफत’मध्ये काय येते?

शिक्षण शुल्क नसते आणि अभ्यासक्रम व आवश्यक पाठ्यसाहित्य शाळा पुरवते. संगणक काही शाळा सर्वांना देतात, काही फक्त अल्प उत्पन्न गटातील कुटुंबांना. इंटरनेटच्या खर्चाचा अंशतः परतावा काही ठिकाणी मिळतो. छपाईची शाई, कागद, प्रयोगासाठी लागणाऱ्या घरगुती वस्तू, परीक्षा केंद्रापर्यंतचा प्रवास हा खर्च बहुधा कुटुंबाचाच असतो. नेहमीच्या शाळेत मिळणारी बससेवा येथे नसते आणि दुपारचे जेवणही सहसा मिळत नाही. ज्या कुटुंबाला शाळेतील जेवणाचा आधार आहे, त्याच्या दृष्टीने ही किरकोळ बाब नव्हे.

मात्र सर्वांत मोठी किंमत पैशात मोजता येत नाही. बहुतेक पूर्णवेळ ऑनलाइन शाळा घरातील एका प्रौढ व्यक्तीने ‘लर्निंग कोच’ म्हणून जबाबदारी घ्यावी, अशी अपेक्षा ठेवतात. प्राथमिक वर्गांतील मुलाजवळ या व्यक्तीला दररोज अनेक तास बसावे लागते. वेळापत्रक पाळणे, हजेरी नोंदवणे, गृहपाठ सादर करवून घेणे आणि शिक्षकांच्या संपर्कात राहणे ही कामे तिच्याकडे असतात. वरच्या वर्गांत हा वेळ कमी होतो, पण देखरेख संपत नाही. एच-४ व्हिसावर असलेल्या आणि नोकरीची परवानगी नसलेल्या आईकडे ही भूमिका गृहीत धरून दिली जाते. पुढे तिला नोकरीची परवानगी मिळाली की हीच व्यवस्था अडचणीची ठरते. दोघेही पालक नोकरी करणारे असतील, तर पहिलीतल्या मुलासाठी हा पर्याय जवळपास अशक्य आहे.

आणखी एक गैरसमज प्रवासाविषयीचा. शाळा ऑनलाइन आहे, म्हणजे चार महिने पुण्यात किंवा नागपुरात आजी-आजोबांकडे राहूनही ती सुरू ठेवता येईल, असे काही कुटुंबांना वाटते. प्रवेश रहिवासावर आधारलेला असल्याने दीर्घकाळ राज्याबाहेर राहिल्यास तो धोक्यात येऊ शकतो. याशिवाय वेळेतील फरकामुळे तासिका भारतात रात्री होतात. प्रवासाचे बेत ठरवण्यापूर्वी शाळेची लेखी परवानगी घ्यावी.

निकाल काय सांगतात?

आजारी मुले, शाळेत छळ सोसावा लागलेली मुले, खेळ किंवा कला यांच्या सरावासाठी मोकळा वेळ हवा असलेले विद्यार्थी आणि दुर्गम भागांतील कुटुंबे यांना या शाळांचा उपयोग झाला आहे. मात्र एकूण चित्र सावध करणारे आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील ‘क्रेडो’ या संशोधन केंद्राने २०१५ मध्ये ऑनलाइन चार्टर शाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीच्या सार्वजनिक शाळांतील तुल्य विद्यार्थ्यांच्या तुलनेत ऑनलाइन चार्टर विद्यार्थ्यांची वार्षिक प्रगती वाचनात सुमारे ७२ दिवसांच्या, तर गणितात सुमारे १८० दिवसांच्या शिक्षणाइतकी कमी आढळली. अमेरिकेतील शालेय वर्षच साधारण १८० दिवसांचे असते. या शाळांकडे आधीपासून मागे पडलेली किंवा वारंवार शाळा बदललेली मुले अधिक येतात, असे समर्थकांचे म्हणणे असते. तरीही सरासरीतील ही तफावत पालकांनी दुर्लक्षू नये, इतकी मोठी आहे.

ओहायोतील ‘इलेक्ट्रॉनिक क्लासरूम ऑफ टुमॉरो’ या ऑनलाइन चार्टर शाळेचे प्रकरण याच संदर्भात पाहावे लागते. २००० मध्ये सुरू झालेल्या या शाळेने दाखवलेल्या विद्यार्थिसंख्येची राज्याच्या शिक्षण विभागाने तपासणी केली, तेव्हा २०१५-१६ या वर्षासाठी सुमारे १५,३०० पैकी जवळपास ६,३०० पूर्णवेळ विद्यार्थ्यांइतक्याच शिक्षणाचा पुरावा मिळाला. कोट्यवधी डॉलर परत करण्याचा आदेश निघाला आणि जानेवारी २०१८ मध्ये, शैक्षणिक वर्ष अर्ध्यावर असताना, शाळा बंद झाली. सुमारे १२,००० विद्यार्थ्यांना नव्या शाळा शोधाव्या लागल्या. शाळा निवडताना तिची मान्यता किती काळासाठी आहे आणि तिचे नूतनीकरण कधी होणार आहे, हे का विचारावे, याचे उत्तर या प्रकरणात आहे.

म्हणून अर्जापूर्वी पालकांनी शाळेला काही प्रश्न विचारावेत. राज्याच्या वार्षिक मूल्यमापनात शाळेचा दर्जा काय आहे? एका शिक्षकाकडे किती विद्यार्थी असतात? थेट तासिका आठवड्यातून किती? वर्षाच्या मध्ये किती मुले शाळा सोडतात? माध्यमिक पदविका पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण किती? यांतील बरीच माहिती राज्य सरकारच्या वार्षिक शाळा प्रगतिपत्रकात सर्वांसाठी खुली असते.

भारतात परतणाऱ्यांसाठी

काही वर्षांनी परतण्याचा विचार असलेल्या कुटुंबांनी शाळेला ‘कॉग्निया’सारख्या मान्यताप्राप्त अधिस्वीकृती संस्थेची मान्यता आहे का, हे पाहावे. परदेशी शालेय प्रमाणपत्रांच्या समकक्षतेचे काम भारतीय विद्यापीठ संघ अनेक वर्षे पाहत आला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानेही २०२५ मध्ये परदेशी शैक्षणिक अर्हतांच्या समकक्षतेचे नियम अधिसूचित केले. ऑनलाइन पद्धतीने मिळवलेल्या प्रमाणपत्राविषयी अकरावी-बारावीचे विषय निवडण्यापूर्वीच चौकशी केलेली बरी. बारावीनंतर ती केल्यास दुरुस्तीला वाव राहत नाही.

भारतातही या धर्तीचे पर्याय आहेत, मात्र त्यांचे स्वरूप वेगळे आहे. १९८९ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था दहावी व बारावीच्या परीक्षा घेते. माध्यमिक स्तरासाठी किमान वय १४ वर्षे, तर उच्च माध्यमिकसाठी १५ वर्षे आहे. माध्यमिक स्तरावर मराठी माध्यमही उपलब्ध आहे. या संस्थेने ऑगस्ट २०२१ मध्ये आभासी मुक्त विद्यालय सुरू केले. तेथे माफक शुल्क भरावे लागते. दिल्ली सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये ‘दिल्ली मॉडेल व्हर्च्युअल स्कूल’ची घोषणा करून नववीसाठी देशभरातील विद्यार्थ्यांकडून अर्ज मागवले. महाराष्ट्रात राज्य मुक्त विद्यालय मंडळ औपचारिक शाळेत जाऊ न शकलेल्यांसाठी परीक्षा घेते. तथापि, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना दिलेला मोफत शिक्षणाचा हक्क हा शेजारच्या प्रत्यक्ष शाळेतील शिक्षणाचा आहे.

अमेरिकेतही ऑनलाइन प्रवेश घेतल्याने मुलाचा जवळच्या सार्वजनिक शाळेवरील हक्क संपत नाही. पहिल्या सहामाहीत मूल एकटे पडत असल्याचे किंवा अभ्यासात मागे जात असल्याचे दिसल्यास पालक त्याला पुन्हा राहत्या भागातील शाळेत घालू शकतात. तेथेही शुल्क नसते. पहिले प्रगतिपत्रक हाती आल्यावर हा निर्णय पुन्हा तपासून पाहणे मुलाच्या हिताचे ठरते.